मस्कीसाठी रॉड आणि रील धरायचं कसं: एका डाव्या अंगठ्याची केस

केस एका माणसाची आहे आणि एका वीकेंडची. पण मस्की ह्या मोठ्या शिकारी माशाच्या मागे लागलेल्या बहुतेकांना कधी ना कधी ह्यातून जावं लागतं, म्हणून जरा सविस्तरच लिहितोय. माणूस माझा मित्र, मूळचा चिपळूणकडचा, बरीच वर्षं मिनिअ‍ॅपोलिसजवळ राहतोय, वय चाळीशीच्या पुढे, दिवसभर कीबोर्डवर काम. बास ह्या मस्कीपेक्षा बऱ्याच लहान माशाचं फिशिंग तो खरंच उत्तम करतो, कास्ट इतकी अचूक की लिली पॅडच्या दोन पानांच्या मधे आमिष पाडेल, आणि ह्या केसमधे ते महत्त्वाचं आहे कारण त्याचा हात नवखा नव्हता, हाताला एक सवय पक्की झालेली होती आणि ती सवय दुसऱ्या माशाची होती. त्याला विचारूनच लिहितोय, नाव देत नाही.

जागा मिल लॅक्स लेक, ऑगस्टचा शेवट. मिनिअ‍ॅपोलिसपासून उत्तरेला दोनेक तासांवर, 500 चौरस किलोमीटरपेक्षा मोठा पण उथळ तलाव, सगळ्यात खोल जागासुद्धा 42 फुटांची, त्यामुळे वारा सुटला की लाटा लगेच उभ्या राहतात आणि बोटीत उभं राहणं हेच एक काम होऊन बसतं. मिनेसोटाचा आत्ताचा वजनाचा रेकॉर्ड मस्की, 55 पाउंड 14.8 औंस, म्हणजे 25 किलोच्या वर, तो 2021 च्या नोव्हेंबरमधे ह्याच तलावातून निघालाय, आणि त्याने 1957 पासूनचा जुना रेकॉर्ड मोडला. म्हणजे इथे मासे कमी आहेत पण जे आहेत ते मोठे आहेत हे डोक्यात ठेवूनच माणूस इथे येतो.

झालं काय तर पहिल्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला त्याच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, दुखायला लागलं. संध्याकाळी पाण्याची बाटली उघडताना कळ आली. दुसऱ्या दिवशी तसाच कास्ट करत राहिला, आणि सूर्य खाली जाताना बोटीच्या कडेला एक मासा मागे मागे आला, ह्याने रॉडच्या टोकाने पाण्यात आठचा आकडा काढायला घेतला, मासा लागला, रॉड हातातल्या हातात फिरला, माशाने एकदा डोकं झटकलं आणि गेला. मित्राचं म्हणणं असं की हात दुखला ही एक गोष्ट आणि मासा सुटला ही दुसरी, ते नशीब. मला मात्र तेव्हाच वाटलं आणि आता खात्री आहे की ह्या दोन गोष्टी नव्हत्याच, एकाच पकडीची ही दोन टोकं होती.

मस्की ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मस्केलंज हे पूर्ण नाव, उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, लांबडा, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड, आत सुऱ्यांसारखे दात. गवताच्या कडेला दबा धरून बसतो. दहा हजार कास्टचा मासा अशी इथली जुनी म्हण आहे त्याच्याबद्दल. त्याची एक खोड अशी की तो आमिषाच्या मागे थेट बोटीपर्यंत येतो आणि तिथे थबकून बघतो, म्हणून इथे प्रत्येक कास्टच्या शेवटी रॉडचं टोक पाण्यात घालून आमिष मोठ्या आठच्या आकारात फिरवायचं असतं. कास्ट संपली असं मस्कीत होत नाही, आठ काढून झाला की मग संपते.

आता सामान, कारण पकडीचा सगळा हिशोब सामानातून येतो. नऊ फुटी एक्स्ट्रा हेवी रॉड, 400 साईजचं लो प्रोफाईल, म्हणजे चपटं, बेटकास्टर रील उजव्या हँडलचं, 80 पाउंडची ब्रेड, म्हणजे विणलेली, लाईन, पुढे आमिषाच्या आधी जाड फ्लोरोकार्बनचा तुकडा, म्हणजे लीडर. आमिष म्हणजे मुख्यतः डबल टेन बकटेल, दोन 10 नंबरची पाती एकामागोमाग फिरतात आणि पाण्याला असली ओढ देतात की पहिल्यांदा ओढणाऱ्याला वाटतं गवतच अडकलंय. मधूनमधून मॅग्नम बुलडॉग, मऊ रबरचा, पाव किलोच्या आतबाहेरचा. बासच्या रॉडवर आपण दहा-पंधरा ग्रॅमचं आमिष टाकतो हे लक्षात घ्या म्हणजे फरक कळेल.

कोकणात खडकावरून जिताडा, तांबोशी करणारी मंडळी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. तुमचं स्पिनिंग रील रॉडच्या खाली लटकतं, त्याचा पाय दोन बोटांच्या मधे बसतो आणि वजन आपोआप खाली राहतं. बेटकास्टर रॉडच्या वर बसतं. गाईड, म्हणजे लाईन ओवायच्या कड्या, त्याही वर, लाईनही वर. ओढ आली की रॉडला उलटं फिरून रील खाली आणायचं असतं, आणि ते फिरणं थांबवणारं दुसरं कोणी नाही, फक्त तुमचा हात. काही रॉड बनवणारे ह्यावर उपाय म्हणून गाईड वळवत वळवत रॉडच्या खाली नेतात, पण बहुतेकांच्या हातात साधाच रॉड असतो.

तर मित्र धरायचा कसा. उजव्या हाताने कास्ट, आमिष हवेत असतानाच रॉड डाव्या हातात, आणि डाव्या हाताने रील पूर्ण तळव्यात घ्यायचं, म्हणजे ज्याला सगळे पाम करणं म्हणतात ते. डाव्या तळव्यात रीलची बाजू, अंगठा वरून स्पूलच्या, म्हणजे लाईन गुंडाळलेल्या रिळाच्या, पुढे आडवा, रॉडच्या खालच्या ट्रिगरच्या, म्हणजे बोट अडकवायच्या आकड्याच्या, पुढे तीन बोटं आणि मागे फक्त करंगळी. रॉडचं टोक वर, पाण्यापासून साधारण 45 अंशांवर, आणि मागचा लांब दांडा कोपराच्या बाहेर हवेत. बाससाठी ही पकड फार छान आहे, खोटं नाही, लाईनवरची बारीक टिचकीसुद्धा बोटाला कळते आणि रील हातात असल्याने रॉड फिरत नाही. सहा-सात फुटी हलक्या रॉडवर दिवसभर असं धरलं तरी काही होत नाही. म्हणून त्याला ह्यात काही चुकीचं आहे असं वाटण्याचं कारणच नव्हतं.

पण इथे लांबीचा हिशोब येतो आणि तो एकदा बसून करायलाच हवा. रॉड नऊ फुटी म्हणजे 2.74 मीटर. रीलच्या मागे दांडा साधारण 45 सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या पुढे 2.3 मीटर. समजा बकटेलची ओढ 1 किलो आहे आणि ती रॉडला काटकोनात आहे. हाताशी येणारा पीळ, म्हणजे ओढ गुणिले लांबी, झाला 2.3 (किलो गुणिले मीटर). आता मागचा दांडा जर काखेत किंवा कोपराखालच्या हाताला टेकलेला असेल तर तिथे 45 सेंटिमीटरवर 5 किलोच्या आसपास दाब बसतो, जो दंड आणि बरगडी आरामात घेते. पण दांडा हवेत असेल तर तोच पीळ फक्त तळहाताच्या रुंदीत पेलावा लागतो, साडेआठ सेंटिमीटर धरा, म्हणजे तर्जनीच्या बाजूला एका दिशेने आणि करंगळीच्या बाजूला उलट दिशेने प्रत्येकी 27 किलो. पहारीने दगड उचलताना टेकू काढून घेतला आणि पहार नुसत्या मनगटाने उचलायला सांगितली तर जे होईल ते हे. रॉड वाकतो त्यामुळे प्रत्यक्षात पुढची लांबी कमी होते आणि सगळे आकडे खाली येतात, पण टेकू असताना आणि नसताना ह्यांच्यातलं प्रमाण तेच राहतं, आणि मुद्दा प्रमाणाचाच आहे.

दुसरी गोष्ट कोनाची. ओढ रॉडला काटकोनात असेल तर पूर्ण पीळ, रॉड लाईनच्या दिशेत सरळ असेल तर पीळ शून्य, मग ती 1 किलोची ओढ फक्त रीलला पुढे खेचते आणि ट्रिगर बोटाला अडतो, बस. मित्राच्या 45 अंशांना टेकू नसताना हातावर 19 किलोच्या आसपास येतात. तोच रॉड खाली आणून लाईनशी 20 अंशांचा कोन ठेवला आणि दांडा टेकवला तर मागे पावणेदोन किलोपेक्षा जास्त दाब येत नाही. दहापटीहून जास्त फरक! आणि हे एकदा नाही, दिवसाला तीनशे-चारशे कास्ट सहज होतात, प्रत्येक कास्टला अर्धा मिनिट-मिनिटभर ओढणं. टोक अगदी सरळ माशाकडेच ठेवावं असंही नाही, कारण ब्रेड ताणत नाही, मासा लागला तर तो झटका झेलायला रॉडला थोडं वाकता आलं पाहिजे, म्हणून पंधरा-वीस अंश बाजूला आणि टोक पाण्याजवळ हे मला योग्य वाटतं.

तिसरी गोष्ट अंगठा, आणि खरी केस इथे आहे. 400 साईजचं रील तळव्यात घेतलं की पंजा पूर्ण उघडतो. हाताचा सगळ्यात जास्त जोर तीन ते पाच सेंटिमीटर जाडीच्या गोल दांड्यावर लागतो, ह्यापेक्षा रुंद काही धरलं की बोटं नीट वळत नाहीत आणि घट्ट धरण्याची जबाबदारी अंगठ्यावर येते. वर मनगट करंगळीच्या बाजूला झुकलेलं, कारण रील तळव्यात ठेवून रॉडचं टोक इकडेतिकडे न्यायचं तर मनगट तसंच वाकतं. अंगठा ताणलेला आणि मनगट करंगळीकडे, ही दोन्ही एकत्र तासन्‌तास. त्याच्या फिजिओथेरपिस्टने नंतर जी तपासणी केली ती म्हणजे अंगठा मुठीत घ्यायचा आणि मूठ करंगळीच्या बाजूला वाकवायची, आणि जिथे दुखतं ती जागा बघायची. नीट बघा, तपासणीत दुखावण्यासाठी हात जसा मुद्दाम वाकवतात जवळपास तसाच तो दिवसभर स्वतःहून वाकवत होता. निदान डी क्वेरव्हेन, अंगठ्याला बाहेर नेणारे दोन स्नायुबंध मनगटाच्या कडेला ज्या अरुंद नळीतून जातात तिथे सूज. स्विस सर्जन डी क्वेरव्हेन यांनी 1895 मधे ह्याचं वर्णन केलं, तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांना हे खूप होतं, आणि कीबोर्डवाल्यांचा अंगठा आधीच थकलेला असतो तो भाग वेगळा. कोणाला असं दुखत असेल तर कृपा करून डॉक्टरला किंवा फिजिओला दाखवा, मी इथे फक्त रॉड धरण्याबद्दल बोलतोय.

आणि हे सगळं डाव्या हातात, जो त्याचा कमजोर हात. उजव्या हँडलचं रील म्हणजे ताकदवान हात हँडल फिरवतो आणि कमजोर हात रॉड पेलतो. जुनी बेटकास्टर रीलं बहुतेक उजव्या हँडलचीच मिळायची म्हणून ही पद्धत पडली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. त्यात फायदाही आहे, डबल टेन ओढायला हँडलवर जोर लागतो आणि तो उजव्या हाताने बरा लागतो. पण मग डाव्या हाताला टेकू द्यायलाच हवा, नुसत्या पंजावर सोडून चालत नाही.

कास्टबद्दल जास्त लिहीत नाही कारण तिथे त्याचं बरंचसं बरोबर होतं. दोन्ही हातांनी, वरचा हात रीलवर अंगठा स्पूलवर, खालचा हात दांड्याच्या अगदी शेवटी. जोर खालच्या हाताने पोटाकडे ओढण्यात आहे, वरच्या हाताने ढकलण्यात नाही, हे मात्र त्याला सांगावं लागलं. मॅग्नम टाकताना तो बासच्या सवयीने मनगटाचा झटका द्यायचा. पाव किलो वजन मनगटाने झटकायचं नसतं, सावकाश मोठा झोका द्यायचा आणि रॉडला ते वजन उचलू द्यायचं. अंगठा ओला किंवा गार असेल आणि सुटताना स्पूलवरून घसरला तर 80 पाउंडच्या ब्रेडचा असा गुंता होतो की अर्धा तास जातो, आणि स्पूल मधेच अडकलं तर आमिष एकटंच उडून जातं.

आता तो मासा. मी बोटीच्या मागच्या टोकाला होतो, मला पूर्ण दिसलं. बकटेल बोटीपासून दहा फुटांवर आली तेव्हा तिच्या मागे सावली दिसली, मित्राने टोक खाली घातलं, लीडर आणि थोडी लाईन बाहेर ठेवून पहिलं वळण घेतलं. डाव्या तळव्यात रील तसंच, उजवा हात अजून हँडलवर. म्हणजे नऊ फुटी रॉडचं टोक पाण्याखाली हातभर खोल घालून, पाण्याचा विरोध आणि डबल टेनची ओढ दोन्ही सहन करत, तो मोठा आठ एका दुखऱ्या डाव्या मनगटाने काढत होता. साहजिकच वळणं लहान झाली. मस्की लांब मासा आहे, त्याला लहान वळणात वळता येत नाही, वळण मोठं आणि गोल असेल तर तो मागे राहतो. तरीही हा राहिला, दुसऱ्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला त्याने तोंड उघडलं आणि आमिष घेऊन बोटीपासून लांब वळला.

त्या क्षणी लागतं काय तर रॉड माशाच्या उलट दिशेला आडवा खेचला गेला पाहिजे, अंगाने, कंबरेतून. तोंड हाडाचं असतं, हुक मोठे, ते आत जायला खरा जोर लागतो, आणि लांब रॉडमधे लिव्हर माशाच्या बाजूने असतो, तुम्ही हाताशी जेवढा जोर लावता त्याचा थोडाच भाग टोकाला पोचतो. पाण्याबाहेर लाईन तीन फूटही नाही, ब्रेड ताणत नाही, त्यामुळे सगळा झटका रॉडच्या वाकण्यावर आणि पकडीवर. इथे रॉड त्याच्या तळव्यात फिरला, रील बाजूला पडलं, टोक सरळ माशाकडे गेलं. टोक माशाकडे म्हणजे वाक संपला, आणि वाक संपला म्हणजे हुकवरचा दाब फक्त मासा ठरवणार. त्याने एकदा डोकं हलवलं आणि आमिष सुटलं. सकाळी नऊ वाजता हाच हात असता तर कदाचित रॉड फिरला नसता. पण मस्की बऱ्याचदा येतो ते संध्याकाळच्याच त्या थोड्या वेळात, उजेड जाताना, आणि तोपर्यंत हात संपलेला असतो. माझ्यासाठी ह्या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, की पकड कशी आहे हे पहिल्या तासात बघायचं नाही, शेवटच्या तासात आठ नीट निघतोय का ते बघायचं.

त्यानंतर पाच-सहा आठवडे त्याने हात सांभाळला, अंगठ्याचा पट्टा, व्यायाम, आणि तोपर्यंत आम्ही माझ्या गॅरेजसमोर रॉड घेऊन उभे राहून पकड बदलली. पाण्यावर जाऊन बदलायला घेतलं की मासा दिसताच हात जुन्या सवयीला जातो, म्हणून कोरड्यावर केलेलं बरं.

पहिला बदल, बकटेल ओढताना रील पाम करायचंच नाही. डावा हात रीलच्या पुढे, फोरग्रिपवर, रीलचा मागचा भाग मनगटाच्या आतल्या बाजूला टेकलेला, अंगठा दांड्यावर वरून सरळ. आता हाताला गोल दांडा मिळाला, पंजा मिटला, अंगठा मोकळा झाला. मागचा दांडा काखेत. अबू गार्सियाच्या गोल अँबॅसेडर रीलवर मस्की करणारे जुने लोक असंच धरतात, कारण ती गोल उंच रीलं तळव्यात मावतच नाहीत, आणि मला वाटतं रीलं चपटी झाली तेव्हा हाताला पाम करायचा मोह झाला आणि ही चांगली सवय मागे पडली. त्याच्या रॉडला फोरग्रिप अगदी आखूड होती, तिथे टेनिसच्या रॅकेटला गुंडाळतात ती टेप दोन थर गुंडाळली. दिसायला काही खास नाही पण जाडी वाढली आणि ओल्या हातात घसरणं थांबलं.

पाम करणं पूर्ण बंद नाही केलं. जर्कबेट, ग्लाइड बेट, बुलडॉग ह्यांना रॉडने झटके द्यायचे असतात आणि मधे लाईन ढिली सोडायची असते, तिथे रील हातात असलेलं बरं, टिचकी कळते. फक्त ट्रिगरच्या पुढे तीन बोटांऐवजी दोन, मागे दोन. मागच्या दोन बोटांनी, अनामिका आणि करंगळीने, दांडा तळव्यात दाबला की अंगठ्याला पकडायचं काम उरत नाही. झटका खाली, पाण्याकडे, आणि दांडा कोपराखालच्या हाताला लागून, म्हणजे झटका मनगटाने नाही तर पूर्ण हाताने. साधारण अर्ध्या-पाऊण तासाने आमिष बदलायचं आणि आमिषाबरोबर पकड, मासा काय खातोय ह्यासाठी तर आहेच पण हातासाठीसुद्धा. हा मला सगळ्यात स्वस्त उपाय वाटतो, फुकटच आहे, आणि लोक तोच करत नाहीत, एक बकटेल सकाळी बांधली की संध्याकाळपर्यंत तीच.

हँडलकडे पण बघितलं. तो नॉब दोन बोटांच्या चिमटीत धरायचा. मस्कीच्या रीलला मोठा गोल पॉवर नॉब येतो तो चिमटीत धरायला नाहीच, तळव्यात घ्यायचा आणि कोपर-खांद्यातून फिरवायचं. उजव्या हाताचं दुखणं अजून सुरू झालं नव्हतं, पण चिमटीने डबल टेन ओढत राहिला असता तर कोपराच्या बाहेरच्या बाजूला, ज्याला टेनिस एल्बो म्हणतात ते, आलंच असतं असं मला वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ आठला दिला. आमिष बोटीपासून दहा-बारा फुटांवर आलं की उजवा हात हँडल सोडतो आणि दांड्याच्या मागच्या टोकावर जातो. हा बदल आधीच, मासा दिसो न दिसो, प्रत्येक कास्टला. डावा हात रीलवर परत, ह्यावेळी मात्र पाम, कारण आता अंगठा स्पूलवर हवा. मग डावा हात टेकू आणि उजवा हात सुकाणू: उजव्याने दांडा ढकलला-ओढला की टोक मोठ्या वळणात फिरतं, मनगट सरळच राहतं, वळण घेताना गुडघे वाकतात आणि कंबर फिरते. मासा लागला की उजवा हात दांडा अंगाशी ओढून घेतो आणि अंग उलट बाजूला वळतं. रॉड फिरायला जागाच नाही कारण दोन हात 45 सेंटिमीटर अंतरावर आहेत.

अंगठ्याबाबत दोन मतं आहेत इथे. काही जण आठ काढताना स्पूल मोकळं करून फक्त अंगठ्याने दाबून धरतात, म्हणजे मोठा मासा जोरात गेला की अंगठा ढिला करून लाईन देता येते. काही जण रील बंदच ठेवून ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, थोडा सैल करतात. पहिल्या पद्धतीत ताबा चांगला आहे, पण ज्याचा अंगठा एकदा दुखावलाय त्याने ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ब्रेड वेगात सुटली तर बोट कापते तेही आहेच. मित्राने दुसरी पद्धत घेतली, ड्रॅग हाताने जोर लावून ओढला तर सुटेल इतपत.

पकडीचा माशाशीही संबंध आहे, तो बोलायचा राहू नये. इथे मस्की जवळपास सगळे सोडून देतात, मिनेसोटात तर ठेवायचा म्हटलं तरी बहुतेक पाण्यावर 54 इंचांची किमान मर्यादा आहे. झुंज जितकी लांबते तितका मासा थकतो आणि सोडल्यावर जगण्याची शक्यता कमी होते, म्हणूनच पाणी 80 फॅरनहाइटच्या म्हणजे साधारण 27 सेल्सिअसच्या वर गेलं की समंजस लोक मस्की करणं थांबवतात. दांडा टेकलेला आणि दोन्ही हात कामाला असले की दाब सतत राहतो आणि मासा लवकर जाळ्यात येतो. दुखऱ्या हाताने झुंज लांबवणं हा त्या माशावर अन्याय आहे, आणि इतक्या वर्षांत वाढलेल्या जनावराच्या बाबतीत मला ते मनापासून खटकतं.

ऑक्टोबरच्या मध्याला आम्ही परत त्याच तलावावर गेलो. त्या दिवशी मासा एकही लागला नाही, एक मागे आला आणि बुडाला. त्यामुळे नवीन पकडीने मासे जास्त मिळतात असा पुरावा माझ्याकडे नाही आणि मस्कीत तो एका सीझनमधे मिळणारही नाही. पण बघायचं ते मी बघितलं: साडेपाच वाजता, उजेड उतरताना, त्याची वळणं सकाळइतकीच रुंद होती आणि टोक तितकंच खोल. अंगठा थोडा जड वाटला म्हणाला, कळ नाही. थंडीमुळे एक नवीन अडचण आली, हातमोजे घातले की जाडी वाढते आणि ट्रिगर नीट कळत नाही, तेव्हा त्याने डाव्या हातमोज्याचा फक्त अंगठा आणि तर्जनी कापली.

एक प्रश्न आमच्यात अजून चालू आहे. पुढच्या सीझनला त्याला डाव्या हँडलचं रील घ्यायचंय, म्हणजे कास्ट उजव्याने, रॉड उजव्यातच राहणार, हात बदलायचा नाही, आणि आमिष पाण्यात पडताक्षणी मासा लागला तरी लाईन ढिली नसणार. मला तो विचार जर्कबेट आणि रबरसाठी पटतो, ताकदवान हात रॉडवर असणं तिथे फार उपयोगाचं. डबल टेनसाठी नाही पटत, दिवसभर डाव्या हाताने ते फिरवायचं म्हणजे भार अंगठ्यावरून डाव्या कोपरावर नेणं. तो म्हणतो, "अरे मग दोन रॉड ठेवतो, एक डावं एक उजवं." हे मला खरं तर सगळ्यात बरं वाटतंय, कारण मग दिवसात भार दोन्ही हातांत वाटला जाईल. फक्त दोन्ही रॉडला फोरग्रिप लांब असलेली बघून घे, आणि दुकानात रॉड नुसता हलवून बघू नकोस, रील लावून, दांडा काखेत घेऊन, टोक खाली करून पाच मिनिटं तसाच उभा राहा, एवढं त्याला सांगून ठेवलंय.